शांता आपटे
* शांता आपटे : ‘प्रभात’ या चित्रसंस्थेच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) व ‘कुंकू’ (१९३७) या बोलपटांतील गायिका-नटी. हॉलिवूडप्रमाणेच नटनटींना वेतनाच्या करारात बांधून ठेवण्याचा शिरस्ता आपल्या चित्रसंस्थांतही रूढ असता, १९३९ साली कराराचा तंटा विकोपास जाऊन शांताबाईंनी पुण्यात ‘प्रभात’च्या फाटकाशीच उपोषण आरंभिले. वृद्ध वकिलाचे पत्नीपद नाकारणारी ‘कुंकू’तील नीरा आणि फाटकाशी बसलेली ही तरुणी यांत आम्हांस एकच मानी स्वभाव दिसतो. या व्यवसायाविषयी त्यांनी लिहिलेले ‘जाऊ मी सिनेमात?’ (१९४०) हे पुस्तक आजही आवर्जून वाचावे. पुढे तमिळ ‘सावित्री’त (१९४१) त्या नायिका झाल्या, नारद होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. — संपादक