विद्युत् आणि संगणक : मराठवाड्यातील अभियांत्रिकी विद्येची वाटचाल

बारावीचा निकाल लागला की आपल्या समाजातील घरोघरी ‘आता शाखा कोणती?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि ‘संगणक’ हे उत्तर ठरलेले असते. विद्युत् शाखा म्हणजे खांबावर चढणे, असा समज आमच्या रेणापूर परिसरात अद्याप आढळतो. या दोन विद्यांचे नाते काय व त्या आपल्या दारी कशा आल्या, हे ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शिक्षक. तेव्हा शास्त्रातील खोल पाण्यात न शिरता इतिहासच सांगू.

पुण्यास अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ साली निघाला. मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था १८८७ साली स्थापन झाली. परंतु मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली सुरू झाले व १९२९ साली तेथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पण शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास ती विद्या अंतराने दूर होती व भाषेनेही दूर होती.

१९४८ साली मराठवाडा मुक्त झाला. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ व १९६० मध्ये औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९७१ साली शेजारच्या परळीस औष्णिक विद्युत्केंद्र सुरू झाले. १९८१ साली नांदेडला श्री गुरू गोबिंदसिंहजी यांच्या नावे अभियांत्रिकी संस्था उभी राहिली. १९८३ साली राज्याने विनाअनुदानित महाविद्यालयांस वाट मोकळी केली व त्याच वर्षी लातुरास बिडवे महाविद्यालय स्थापन झाले. पुण्याचा वर्ग सुरू झाल्यापासून ही विद्या रेणापूरपासून थोड्या कोसांवर येण्यास १२९ वर्षे लागली!

आता या दोन विद्यांच्या नात्याविषयी. पुण्याचा वर्ग निघाला त्याच १८५४ साली जॉर्ज बूल या गणितज्ञाने तर्काचे बीजगणित मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन या विद्युत् अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखविले की, ते बीजगणित विजेच्या बटणांनी चालविता येते. दोन बटणे एकापुढे एक जोडली, तर दोन्ही दाबल्याशिवाय दिवा लागत नाही. शेजारी-शेजारी जोडली, तर कोणतेही एक पुरे होते. पहिले ‘आणि’, दुसरे ‘किंवा’. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला व पुढे अशी कोट्यवधी सूक्ष्म बटणे नखाएवढ्या जागेत मावू लागली. तात्पर्य, संगणक हे विजेचेच अपत्य होय.

याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात झाला. नागपुरास ते अभियंते झाले, तेव्हा संगणकाची स्वतंत्र पदवी आपल्याकडे सुरू व्हावयाची होती. पुढे परदेशातून महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ साली पुण्यास ‘सी-डॅक’ संस्था निघाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, शाखेच्या नावापेक्षा मुलाचे गणित व त्याची आवड पाहावी. विजेचा पाया ज्याचा पक्का, त्यास संगणकाचे दार बंद नाही. कर्ज काढण्यापूर्वी शासनाच्या सवलतींची चौकशी करावी. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र गटांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. तेव्हा ‘मुलीस कशाला अभियंता करायचे?’ हा प्रश्न आता घरात निघू नये. २०२१ पासून हे शिक्षण मराठीतूनही देण्यास मुभा मिळाली आहे. आपल्या मंडळानेही होतकरू विद्यार्थ्यांसाठी एक ग्रंथपेढी उघडावी, असे आम्ही सुचवितो.

आपल्या आजोबांस जी विद्या परभाषेत व परगावी होती, ती आज नातवंडांच्या दारी आली आहे. तिचे स्वागत डोळसपणे व्हावे, हीच इच्छा!