कृत्रिम श्वासनळीचा इतिहास आणि गडचिरोलीचा अनुभव

प्रस्तावना

भुलेचा इतिहास सामान्यतः १८४६ मधील बोस्टन येथील ईथरच्या प्रयोगापासून सांगितला जातो. तथापि वेदना थांबली तरी श्वासाचा प्रश्न शिल्लक राहिला. बेशुद्ध रुग्णाची जीभ मागे पडून श्वास अडतो. रक्त वा उलटी फुप्फुसात जाते. यावरील उपाय म्हणजे कृत्रिम श्वासनळी. ही विद्या अरण्यप्रदेशात कोणत्या रूपाने पोहोचली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नळीचा विकास

ग्लासगो येथील विल्यम मॅक्यूएन यांनी १८७८ मध्ये जिभेच्या मुळाशी गाठ असलेल्या रुग्णाच्या गळ्याला छेद न देता तोंडावाटे नळी घातली व तीतून क्लोरोफॉर्म दिला. पहिल्या महायुद्धानंतर, चेहऱ्यावर जखमा झालेल्या सैनिकांच्या शस्त्रक्रियांत मॅगिल व रोबॉथम यांनी हे तंत्र विकसित केले. १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ते शस्त्रक्रियागृहाबाहेर आणले. गळ्यातील नळीला जोडलेली पिशवी वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने दाबत. १९५६ मध्ये आलेल्या, आपोआप फुगणाऱ्या ‘अँबू’ पिशवीमुळे सिलिंडरचीही अपरिहार्यता संपली.

गडचिरोलीतील रूप

हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता; गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला. डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या रूपाने तेथे भूलतज्ज्ञ होती. वीज मात्र अनेक वर्षे नव्हती. गावोगावच्या घरगुती बाळंतपणांत तर डॉक्टरही नसे. तेथे जन्मतः गुदमरणाऱ्या बाळांसाठी डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना प्रशिक्षित केले. प्रथम मुखवट्याला जोडलेल्या नळीतून फुंकर घालून व १९९९ पासून पिशवी-मुखवट्याने श्वास दिला गेला. २००३ पर्यंतच्या नोंदींनुसार गुदमरण्यामुळे होणारे मृत्यू सुमारे ६५ टक्क्यांनी घटले. पिशवी-मुखवटा अधिक परिणामकारक ठरला.

निष्कर्ष

श्वासनलिकेतील नळी गावात गेली नाही. तिच्यामागील तत्त्व गेले. साधन सोपे झाले आणि ते हाताळणारी व्यक्ती गावातलीच तयार झाली. परंतु मुखवटा हा शस्त्रक्रियेतील नळीचा पर्याय नव्हे. पूर्ण भुलेखाली पोटाची शस्त्रक्रिया करावयाची असल्यास नळी घालू शकणारा कुशल हात हवाच. तो नसेल, तर सुसज्ज शस्त्रक्रियागृहही रुग्णाला पुढच्या गावी पाठविण्याचे ठिकाण ठरते. म्हणून दुर्गम भागातील आरोग्यसेवेचे मोजमाप उपकरणांपेक्षा प्रशिक्षित हातांनी करणे अधिक सयुक्तिक होय.