गळ्यातली गाठ आणि अडकलेली घंटा

गलगंड आणि गंडमाळ हे शब्द आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. गंडमाळ म्हणजे मानेतल्या गाठींची माळ, बहुधा क्षयाची. गलगंड म्हणजे वाढलेली थायरॉइड ग्रंथी. सुश्रुतसंहितेत गलगंड आणि अर्बुद दोन्ही एकाच अध्यायात आहेत, हे मला निवृत्तीनंतर वाचायला मिळाले.

१९७४ च्या सुमारास मी शिरपूर तालुक्यात शिकवत होतो. सातपुड्याकडून बाजाराला येणाऱ्या काही बायकांचा गळा फुगलेला दिसे. काहीजणी पदर ओढून घेत. डोंगराच्या मातीतले आयोडीन पिढ्यान् पिढ्या पावसाने वाहून जाते, मग ते धान्यातही उतरत नाही. आयोडीन नाही म्हणून थायरॉइडचे काम अडते. मेंदूखालची पियुषिका ग्रंथी टीएसएच नावाचा निरोप पाठवते, 'वाढ, अजून काम कर!' निरोप येतच राहतो आणि ग्रंथी फुगत जाते.

डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात मिठातून आयोडीन देऊन पाहिले, गलगंड कमी झाला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पण आमच्याकडे दुकानाबाहेर उघड्या पोत्यांतले खडेमीठच कितीतरी वर्षे चालले. आयोडीन नसलेल्या खाण्याच्या मिठावरची बंदी १९९८ मध्ये आली, २००० मध्ये उठली, २००६ मध्ये परत आली. (मिठाचे राजकारण आपल्या देशाला नवीन नाही!)

बहुतेक गलगंड कर्करोग नसतात, हे आधी सांगतो, नाहीतर फोन सुरू होतील. पण आयोडीन कमी असलेल्या भागात थायरॉइडच्या कर्करोगांमध्ये फॉलिक्युलर प्रकाराचे प्रमाण जास्त आढळते. तो रक्तातून हाडांत, फुप्फुसांत जातो. आयोडीन पुरेसे मिळाले की पॅपिलरीचा वाटा वाढतो. तो आधी मानेतल्या लसीकाग्रंथींत पसरतो आणि बहुधा सौम्य असतो.

आमच्या थोरल्या वहिनींना हाच झाला होता. जळगावहून गाडीने दादर, तिथून परळ. टाटा रुग्णालयाच्या आवारात अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. तिथे वहिनींना किरणोत्सारी आयोडीन दिले आणि काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवले. ताट दाराशी ठेवून माणूस मागे फिरे, याचेच त्यांना सगळ्यात वाईट वाटले! उपचाराची युक्ती साधी आहे. थायरॉइडची पेशी शरीरात कुठेही गेली तरी आयोडीन ओढते, आणि विषही सोबत ओढले जाते. न्यूयॉर्कच्या डॉ. सायडलिन यांनी १९४६ मध्ये हे प्रसिद्ध केले होते. वहिनी पुढे वीस वर्षे जगल्या.

मग काहींच्या गाठी आयोडीन घेणे का थांबवतात?

पेशीच्या बाहेरून आलेला निरोप आत हातोहात पोचतो : रास, मग बीआरएएफ, मग मेक, मग अर्क, आणि शेवटी केंद्रक. शाळेत मुख्याध्यापकांनी सांगितले की शिपाई घंटा देतो, तसे. बीआरएएफ प्रथिनात ६०० व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आले, की शिपायाचा हात घंटेवरच अडकतो. कुणी सांगो न सांगो, घंटा चालूच. पेशी वाढत सुटते. २००३ मध्ये दिसून आले की पॅपिलरी कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत हा बदल असतो. याच घंटेमुळे आयोडीन आत घेणारा पेशीचा पंप मंदावतो. ग्रंथी आपली ओळखच विसरते म्हणा ना.

२०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मेकला थोपवणारे सेल्युमेटिनिब हे औषध काही आठवडे दिले, तेव्हा २० पैकी ८ रुग्णांच्या गाठी उपचारापुरते आयोडीन पुन्हा घेऊ लागल्या. पुढच्या चाचण्यांत सगळ्यांनाच फायदा झाला असे नाही. पण बीआरएएफ आणि मेक दोन्ही एकदम रोखणाऱ्या गोळ्या आज काही रुग्णांना देतात. कोणाला, ते गाठीच्या जनुकीय तपासणीवरून ठरते.

धुळ्याच्या भाचीने 'मामा, बीआरएएफ म्हणजे काय हो?' असे विचारले म्हणून हे लिहिले. तिच्या गाठीचा तुकडा मुंबईला गेला आहे. अहवाल पुढच्या आठवड्यात येईल.