‘ला त्राव्हिआता’चे अपयश आणि यश
‘ला त्राव्हिआता’ हा जुझेप्पे वेर्दीचा ऑपेरा ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसच्या ला फेनीचे नाट्यगृहात पहिल्यांदा झाला आणि पडला. पुढे जगभर डोळे ओले करणाऱ्या या शोकांतिकेला त्या रात्री लोक हसले. फ्रान्चेस्को मारिया पियावेची संहिता धाकट्या अलेक्झांडर द्युमाच्या नाटकावर बेतलेली होती. पॅरिसमधली गणिका मारी द्युप्लेसी १८४७ मध्ये, अवघ्या २३ व्या वर्षी क्षयाने गेली. त्या नाटकामागे तिचेच आयुष्य होते. वेर्दीला पात्रे समकालीन पोशाखात हवी होती. अधिकाऱ्यांनी मात्र कथानक १७०० च्या सुमारास नेऊन ठेवले.

पहिल्या अंकाला टाळ्या मिळाल्या. मग टेनर ग्रात्सियानीचा आवाज बसला आणि बॅरिटोन व्हारेसीही उतरणीला लागलेला होता. नायिका साल्विनी-दोनातेल्ली चांगली गायली, पण तिची भरदार अंगकाठी पाहून ही क्षयाने खंगली आहे हे कोणाला पटेना. वेर्दीने आधीच दुसरी गायिका मागितली होती, पण तोवर मुदत टळली होती.

६ मे १८५४ रोजी व्हेनिसमध्येच, सान बेनेदेत्तो नाट्यगृहात, मारिया स्पेत्सियाने नायिका व्हिओलेत्ता उभी केली आणि ऑपेरा डोक्यावर घेतला गेला. वेर्दीने मधल्या काळात काही भाग सुधारले होते, तरी रचना मुख्यतः तीच होती. तेव्हा या यशाचा मोठा वाटा गाणाऱ्यांचाच मानावा लागतो.

अर्थात, त्यांच्या हाती वेर्दीने विलक्षण सामग्री दिली होती. पडदा उघडण्यापूर्वीच व्हायोलिनच्या तारसप्तकातून मृत्यूचे संगीत ऐकू येते, आणि त्यामागून एक प्रेमळ, शब्दांवाचूनची धून येते. दुसऱ्या अंकात व्हिओलेत्ता तिचा प्रियकर आल्फ्रेदो याला सोडून निघते; का, ते त्याला सांगू शकत नाही. तेव्हा तीच धून पूर्ण वाद्यवृंदासह तिच्या कंठातून उसळते. माझ्यावर प्रेम कर, एवढेच ती म्हणते. त्याला यातले काही कळत नाही, प्रेक्षकाला सगळे कळते. या ऑपेरातला सर्वांत हृदयद्रावक क्षण हाच, मृत्यूचा नव्हे.

तिसऱ्या अंकात ती आल्फ्रेदोच्या वडिलांचे पत्र न गाता, साध्या बोलण्यात वाचते. मागे व्हायोलिनवर पहिल्या अंकातली प्रेमाची धून वाजत राहते. दोन तास गाणारा आवाज अचानक बोलू लागला की तिची शक्ती संपल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. शेवटीही वेदना थांबल्याचे ती बोलूनच सांगते, आनंदाने उठते आणि कोसळते.

हे पेलायला नुसता सुरेल गळा पुरत नाही. मारिया कॅलासने १९५५ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात, लुकिनो व्हिस्कोंतीच्या दिग्दर्शनाखाली आणि कार्लो मारिया जुलिनीच्या संगीतसंचालनात ही भूमिका केली. त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. अखेरच्या अंकात तिने आवाजाची झळाळी बाजूला ठेवून त्यात आजाराचा थकवा आणला आहे.