सल्लामसलत, बायबलमधील राज्यकारभारातील

सल्लामसलत, बायबलमधील राज्यकारभारातील : हिब्रू बायबलमध्ये (ख्रिस्ती परंपरेतील जुना करार) राजे व नेते यांच्या निर्णयांत वडीलधारे, संदेष्टे, दरबारी मसलतगार आणि प्रसंगी स्त्रिया व चाकर यांच्या सल्ल्याला मिळालेले स्थान. या विषयाची मुख्य साधने म्हणजे निर्गम, शमुवेल, राजे व इतिहास हे ग्रंथ आणि नीतिसूत्रे. सल्लागार नव्हते म्हणून राज्य बुडाले, असे या ग्रंथांत सहसा घडत नाही. योग्य सल्ला दरबारात उच्चारला जातो, राजाच्या कानावरही पडतो. पुढचे सारे ऐकणाऱ्यावर अवलंबून राहते.

आरंभ : मोशेचा सासरा इथ्रो हा मिद्यानचा याजक. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत बसतो आणि लोक ताटकळत उभे राहतात, हे पाहून त्याने हजार, शंभर, पन्नास व दहा माणसांवर विश्वासू अंमलदार नेमावेत, किरकोळ तंटे त्यांच्याकडे सोपवावेत व अवघड तेवढेच मोशेने पाहावेत, असे सुचवले (निर्गम १८). मोशेने ते मान्य केले. सल्ला देणारा इस्राएलाबाहेरचा होता, ही बाब लक्षणीय आहे. अनुवाद या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात हीच व्यवस्था इथ्रोच्या उल्लेखावाचून येते. या फरकाच्या कारणाविषयी एकमत नाही.

दाविदाचा दरबार : १ इतिहास २७ मधील यादीत अहीथोफेल हा राजाचा मंत्री आणि हूशय अर्की हा राजाचा मित्र म्हणून नोंदलेला आहे. अहीथोफेलचा शब्द देववाणीच्या तोडीचा मानला जाई. अबशालोमाने बापाविरुद्ध बंड केले तेव्हा अहीथोफेल त्याला जाऊन मिळाला. १२,००० माणसे घेऊन त्याच रात्री थकलेल्या दाविदाचा पाठलाग करावा, एकट्या राजाला मारावे आणि बाकीच्यांना सुखरूप परत आणावे, अशी त्याची मसलत होती. दाविदाच्या वतीने तिथे राहिलेल्या हूशयने उलट सांगितले : दावीद कसलेला लढवय्या आहे, घाई नको; दानपासून बैर-शेबापर्यंतचे सारे इस्राएल गोळा करून अबशालोमाने जातीने स्वारीवर निघावे. या भव्य चित्राने अबशालोमाला भुरळ पडली. तेवढ्या अवधीत हूशयचा निरोप पोहोचला आणि दावीद यार्देन ओलांडून गेला. आपली मसलत मोडली हे पाहून अहीथोफेलने गाढवावर खोगीर घातले, गावी जाऊन घरची निरवानिरव केली आणि गळफास घेतला (२ शमुवेल १७). दाविदाने पतीला मारवून जिच्याशी लग्न केले त्या बथशेबेचा तो आजा असावा आणि म्हणून दाविदावर उलटला असावा, असा तर्क वंशावळीतील नावांवरून करतात. ग्रंथात तसे स्पष्ट म्हटलेले नाही.

शखेमची मसलत : या विषयातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण (१ राजे १२, २ इतिहास १०). शलमोनाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा रहबाम राज्यारोहणासाठी शखेमला गेला. शखेमची जागा म्हणजे आजच्या नाब्लुसजवळचे तेल बलाता. तिथे एर्न्स्ट झेलिन यांनी १९१३ मध्ये उत्खनन सुरू केले. १९५६ पासून जी. अर्नेस्ट राइट यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी पथकाने ते पुढे नेले. घटनेचा काळ साधारणपणे इ. स. पू. ९३१ च्या सुमारास धरतात. अमेरिकी अभ्यासक ऑलब्राइट यांच्या कालगणनेनुसार ९२२.

लोकांची तक्रार नेमकी होती : शलमोनाने लादलेले जू हलके करा, आम्ही तुमची चाकरी करू. या जुवाचा तपशील १ राजे ४ व ५ मध्ये मिळतो. राज्याचे १२ विभाग पाडून प्रत्येकाने वर्षातून एक महिना राजवाड्याची रसद पुरवायची होती. दररोजच्या खर्चात ३० कोर (धान्याचे एक माप) सपीठ, ६० कोर पीठ, १० पोसलेले व २० कुरणातले बैल आणि १०० मेंढरे होती. लबानोनातील लाकूडकामासाठी ३०,००० माणसांची वेठ होती. दरमहा १०,००० जणांची पाळी, एक महिना डोंगरात आणि दोन महिने घरी. याशिवाय ७०,००० ओझेकरी व ८०,००० पाथरवट होते. आकडे अतिशयोक्त असावेत असे अनेकांना वाटते. इस्राएली लोकांना शलमोनाने दास केले नाही, असे १ राजे ९ मध्ये म्हटले आहे. त्याचा वरील वेठीशी मेळ कसा घालावा हा वादाचा मुद्दा आहे. यहूदा हा प्रांत १२ विभागांत मोडत होता की त्याला सूट होती, याविषयीही मतभेद आहेत. सूट असल्यास उत्तरेकडील वंशांचा रोष अधिक समजण्याजोगा ठरतो.

रहबामने तीन दिवसांची मुदत मागितली. शलमोनाच्या दरबारात वावरलेल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले की आज तू या लोकांचा सेवक हो, त्यांच्याशी गोड बोल, म्हणजे ते कायमचे तुझे होतील. इथे कथेचा क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. रहबामने वृद्धांचा सल्ला टाकला हे निवेदक आधी सांगतो आणि त्याने बरोबरीच्या तरुणांना विचारले हे त्यानंतर येते. म्हणजे दुसरी मसलत निर्णयासाठी नव्हती. मनात ठरलेल्या गोष्टीला दुजोरा मिळवण्यासाठी होती. तरुणांनी तो दिला : बापाच्या कमरेपेक्षा माझी करंगळी जाड आहे, त्याने चाबकांनी मारले, मी विंचवांनी मारीन, असे लोकांना बजावावे. तिसऱ्या दिवशी रहबामने चाबूक आणि विंचू ऐकवले. करंगळीचे वाक्य त्याने लोकांसमोर उच्चारल्याची नोंद मात्र नाही.

परिणाम तात्काळ झाले. उत्तरेकडील वंशांनी दाविदाच्या घराण्याशी संबंध तोडला. त्यांना शांत करायला रहबामने अदोरामला पाठवले. तो वेठीवरचाच मुख्य अंमलदार. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले आणि राजा रथात बसून यरुशलेमला पळाला. शलमोनापासून पळून मिसरला गेलेला यराबाम परतून उत्तरेचा राजा झाला. रहबामने यहूदा व बन्यामीन यांचे १,८०,००० योद्धे जमवले. पण भाऊबंदांशी लढू नका, हा शमाया संदेष्ट्याचा आदेश मानून तो थांबला. त्याने सल्ला ऐकल्याचा हा प्रसंग बहुतेक वर्णनांत गाळला जातो. तो गाळणे अन्यायाचे आहे, कारण त्या वेळचे युद्ध या एका ऐकण्याने टळले. रहबामच्या पाचव्या वर्षी मिसरचा राजा शिशक याने यरुशलेम लुटले आणि शलमोनाच्या सोन्याच्या ढालींच्या जागी पितळी ढाली आल्या. शिशक म्हणजे पहिला शोशेंक, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. कर्नाक येथील त्याच्या विजययादीत वाचता येणाऱ्या नावांत यरुशलेम नाही.

रहबामचे वय : राज्यारोहणाच्या वेळी ४१, राज्यकाल १७ वर्षे (१ राजे १४). ग्रीक भाषांतरातील एका पुरवणी वृत्तान्तात हेच आकडे १६ व १२ असे आहेत.

अभ्यासकांची मते : अब्राहम मालामात यांनी १९६३ मध्ये या प्रसंगाची तुलना गिल्गामेश व अग्गा या सुमेरी काव्याशी केली. वृद्धांची व तरुणांची अशा दोन औपचारिक सभा राज्यात असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. डी. जी. एव्हान्स यांनी १९६६ मध्ये त्यावर आक्षेप घेतले. ही फूट परमेश्वराच्या योजनेने झाली असे ग्रंथ म्हणतो. त्यात राजाचा दोष किती, यावर धर्मशास्त्रीय चर्चा चालत आली आहे.

यराबाम : यानेही मसलत केली आणि बेथेल व दान येथे सोन्याची वासरे उभारली. केवळ विचारपूस केल्याने निर्णय शहाणा ठरत नाही, याचे हे उदाहरण.

अमस्या : यहूदाच्या या राजाने १०० किक्कार (वजनाचे एक माप) चांदी देऊन इस्राएलातून १,००,००० सैनिक भाड्याने घेतले होते. एका देवमाणसाने त्यांना नेऊ नकोस म्हटल्यावर दिलेल्या चांदीवर पाणी सोडून त्याने ते परत पाठवले व अदोमावर विजय मिळवला. विजयानंतर मात्र दुसऱ्या संदेष्ट्याला त्याने, तुला राजाचा मंत्री कोणी केले, असे विचारून गप्प बसवले. पुढे बेथ-शेमेश येथे इस्राएलच्या योआशाने त्याचा पराभव केला आणि यरुशलेमचा ४०० हात तट पाडला (२ इतिहास २५).

संदेष्टे व राजे : रामोथ-गिलादच्या मोहिमेपूर्वी सुमारे ४०० संदेष्ट्यांनी इस्राएलचा राजा अहाब याला होकार दिला. एकट्या मीखायाने अनिष्ट भाकीत केले. त्याला कैदेत टाकले गेले आणि वेषांतर करूनही अहाब बाणाने मेला (१ राजे २२). यहूदाचा शेवटचा राजा सिद्कीया याने संदेष्टा यिर्मयाला गुप्तपणे बोलावून सल्ला विचारला, पण दरबाऱ्यांच्या व लोकांच्या धास्तीने तो पाळला नाही आणि इ. स. पू. ५८६ मध्ये (काहींच्या मते ५८७) यरुशलेम पडले.

स्त्रिया व चाकर : अबीगईल, तकोवाची शहाणी स्त्री, आबेल-बेथ-माका येथील स्त्री व नामानाचे चाकर यांच्या सल्ल्याचे प्रसंग शमुवेल व राजे या ग्रंथांत येतात.

नीतिसूत्रे : मसलतगार पुष्कळ असले म्हणजे राष्ट्र सावरते, हा विचार अध्याय ११, १५ व २४ मध्ये येतो. अध्याय २२ ते २४ मधील एका भागाचे मिसरी ‘आमेनेमोपेच्या बोधा’शी असलेले साम्य १९२० च्या दशकात लक्षात आले.

नवा करार : गमलियेलाचा सल्ला (प्रेषितांची कृत्ये ५) व यरुशलेमची सभा (१५).

चित्रकला : धाकट्या हान्स होल्बाइनने १५३० मध्ये बाझल नगरसभेच्या दालनात वडीलधाऱ्यांना झिडकारणारा रहबाम रंगवला. भिंतीवरील चित्राचे काही तुकडेच उरले आहेत. नगराचे निर्णय जिथे होत, त्याच भिंतीवर हा प्रसंग असावा, ही योजना अर्थपूर्ण होती.

मूल्यमापन : वृद्ध शहाणे आणि तरुण उतावळे, असे सरळ सूत्र या साहित्यातून निघत नाही; १ राजे १३ मध्ये म्हातारा संदेष्टाच फसवतो. शखेमच्या वडीलधाऱ्यांचे मोठेपण त्यांच्या वयात नव्हते. वेठ भोगणाऱ्यांचे म्हणणे ऐकावे असे त्यांनी राजाला सांगितले, यात ते होते. अबशालोम, रहबाम, अहाब या तिघांनीही सल्ला विचारला होता. तिघांनी मनाला रुचला तोच उचलला. सत्तेवरील माणसाची परीक्षा न रुचणारे ऐकण्यात होते, आणि तीत न उतरल्याची किंमत राजाआधी प्रजा मोजते. शखेमला दुभंगलेले राज्य पुन्हा एक झाले नाही. उत्तरेचे इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने संपवले आणि दक्षिणेचे त्यानंतर सुमारे १३५ वर्षांनी बाबेलने.