मोगलीची नदी

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी ‘द जंगल बुक’ हिंदीतून दिसू लागली. तेव्हा वैनगंगेकाठच्या आमच्या गावात टीव्ही होते तीन, त्यातले दोन काळे-पांढरे. आम्हा पोट्ट्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. बगीरा तसाही काळाच. आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, त्याला रंग कशाला पाहिजे?

गोष्ट बघायची सवय गावाला होती, पण ती रात्रभराची. मंडईच्या दिवसांत दंडार नाहीतर नाटक बघायला बसलं की उजाडेपर्यंत शेवट होणारच. ही मालिका मात्र ऐन वेळी थांबायची आणि आठवडाभर टांगून ठेवायची. आबाजी म्हणत, “हे कसलं नाटक बाप्पा, अर्ध्यातच पडदा पाडते!”

त्यात लाईन गेली की भाग बुडाला. मग ज्याच्या मामाच्या गावी लाईन होती तो सोमवारी शाळेच्या वाटेवर सांगणार. तो सांगायचा त्यात शेरखान आमच्या नाल्यात उतरायचा नि हत्ती आमच्या धानाच्या बांध्यांतून जायचा. किची नावाच्या एका प्राण्यावरून तर भांडणं व्हायची. कोणी म्हणे मुंगूस, कोणी म्हणे उदमांजर. तो लाल पांडा, हिमालयातला, हे फार पुढं कळलं.

तो आमच्या जंगलात कसा आला, याचं उत्तर मालिकेच्या प्रवासात आहे. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईतला. मोगलीच्या कथा मात्र त्यानं अमेरिकेत, व्हरमाँटला राहून लिहिल्या. १८९४ आणि १८९५ ची दोन पुस्तकं मिळून मोगलीच्या कथा आठच. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशननं जवळपास शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये त्यावर ५२ भागांची मालिका काढली. आठ कथांचे ५२ भाग करायचे तर नवे प्राणी, नवे प्रसंग घालावेच लागणार. मग हिंदी आवाज चढले, गुलजारांचं शीर्षकगीत आलं, त्याला विशाल भारद्वाज यांचं संगीत मिळालं, आणि गोष्ट आमच्या गावात पोचली.

कॉलेजात पुस्तक हाती आलं तेव्हा मी चमकलो. जंगल शिवनीचं आणि नदीचं नाव चक्क वैनगंगा! शिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटावरून आमच्या भंडाऱ्याकडे येते तीच. जी गोष्ट आम्ही परमुलखातली म्हणून पाहत होतो, ती आमच्याच नदीच्या वरच्या अंगाची होती.

पण पुस्तकातली एक कथा मला जड गेली. गावकरी मोगलीला आसरा देणाऱ्या बाईला चेटकीण ठरवतात. त्याचा सूड म्हणून मोगली रान गावावर सोडतो. हरणं, डुकरं, नीलगाई उभं पीक खातात. पावसात हत्ती घरं पाडतात. शेवटी गाव उठून जातं आणि तिथं जंगल माजतं. गावकऱ्यांनी केलं ते वाईटच. तरी मी वाचत होतो ते बांध्या मोजत. कोणाचं धान गेलं, कोणाची कोठी फुटली, हेच डोळ्यांपुढं.

तेव्हा आबाजींचं टीव्हीपुढचं बोलणं आठवलं. आम्ही मोगलीसाठी टाळ्या पिटायचो आणि ते मागून म्हणायचे, “रानडुकरानं धान खाल्लं त मोगली भरून देते का?” आम्हाला ती म्हाताऱ्याची किरकिर वाटे. पण कार्तिकात मचाणावर रात्र काढून, टिनाचा डबा बडवून त्यांनीच शेत राखलं होतं. वाघ, डुक्कर त्यांच्या लेखी चित्रातले नव्हते.

किपलिंगनं गोष्ट लिहिली ती मोगलीच्या बाजूनं. जपान्यांनी, हिंदीवाल्यांनीही तीच बाजू धरली. आमच्या गावात मात्र एकाच खोलीत दोन्ही बाजू बसल्या होत्या: पुढं सतरंजीवर रानाची, मागं भिंतीला टेकून शेताची. त्या गोष्टीला शेताकडून बोलणारं माणूस मिळालं ते इथं, तिच्याच नदीच्या काठावर. ते कुठं छापलं गेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवलं.