सिंकोना आणि बटाटा : चिंबोराझोच्या पायथ्यापासून महाबळेश्वरपर्यंत

दक्षिण अमेरिकेतील एक्वादोर देशात चिंबोराझो हा ६,२६३ मीटर उंचीचा हिमाच्छादित पर्वत आहे. त्याच्या एका अंगास अंबातो व दुसऱ्या अंगास ग्वारांदा ही नगरे असून दोहोंच्या परिसरात बटाटा, मका व जव यांची शेती पूर्वापार चालत आलेली आहे. रिचर्ड स्प्रूस हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८५८ पासून अंबातो येथे वास्तव्य करून होता. हिंदुस्थान सरकारासाठी सिंकोनाचे बी व रोपे मिळविण्याची कामगिरी क्लेमंट्स मार्कम याने त्याच्याकडे सोपविली. सिंकोनाच्या सालीतून १८२० साली क्विनाइन वेगळे करण्यात आले होते, आणि हिवतापाने जर्जर झालेल्या वसाहतींच्या राज्यकर्त्यांना ते हवेच होते. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे मात्र त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते. ते सिद्ध करणारा शोध पुढे १८९७ साली रोनाल्ड रॉस याला लागला, तो सिकंदराबादेस, म्हणजे औरंगाबाद ज्या निजामी राज्यात होते त्याच राज्यात.

एप्रिल १८६० मध्ये स्प्रूसचे पाय लुळे पडले. तरीही जून महिन्यात तो चिंबोराझोच्या अंगावरून ग्वारांद्यास व तेथून खाली लिमोनच्या अरण्यात उतरला. रॉबर्ट क्रॉस हा माळी त्यास येऊन मिळाला. अरण्याच्या मालकांना चारशे डॉलर देऊन बी गोळा करण्याचा हक्क घेण्यात आला होता. त्या मालकांत एक्वादोरचा माजी राष्ट्राध्यक्ष फ्लोरेस हा एक होता. एक लक्ष बिया वाळवून झाल्या. सहाशेंहून अधिक रोपे काचेच्या पेट्यांत घालून तराफ्यावरून ग्वायाकिलला नेण्यात आली आणि १८६१ च्या प्रारंभी जहाजावर चढली. झाडे हेरणारे, साल सोलणारे, तराफे हाकणारे हे सर्व स्थानिक लोक होते. त्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीत. १८६५ साली बोलिव्हियातून उत्तम जातीचे बी मिळवून देणारा आयमारा जमातीचा मानुएल इंक्रा मामानी याचे नाव तेवढे उरले आहे. त्यास ह्या कामापायी तुरुंगवास व मारहाण सोसावी लागली आणि त्यातच त्याचा अंत झाला. ह्या बियाण्याचा लाभ झाला तो जावा बेटातील डच मळ्यांना.

स्प्रूसने पाठविलेले बी निलगिरीत रुजले. मुंबई सरकारने महाबळेश्वराजवळ लिंगमळा येथे असाच मळा उभारला. मार्कमनेही आपल्या १८६२ च्या ग्रंथात महाबळेश्वरच्या डोंगरांचा विचार केला आहे. परंतु लिंगमळ्याचा मळा फसला. त्याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. तांबड्या सालीचा सिंकोना हा हिमशिखराजवळचा वृक्ष नव्हेच. तो बऱ्याच खालच्या, उबदार व ओलसर उतारांवर वाढतो, आणि तेथे कोरड्या ऋतूतही धुक्याचा ओलावा टिकून असतो. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर, म्हणजे कागदोपत्री अनुकूल. पाऊसही वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे आठ महिने जांभ्यावरील पातळ माती कोरडी पडते. उंची व पावसाची बेरीज जुळली; पावसाचे वर्षभरातील वाटप जुळले नाही. अहवाल हाताशी असताना हे ध्यानात येऊ नये, याचे नवल वाटते.

ह्याच डोंगरावर अँडीज पर्वतातलेच दुसरे एक पीक मात्र विनासायास स्थिरावले. १८३४ ते १८६४ ह्या काळात महाबळेश्वरास एक तुरुंग होता व त्यात पूर्वेकडील इंग्रज वसाहतींतून आणलेले चिनी कैदी ठेवलेले असत. बटाटा व विलायती भाज्या यांची लागवड तेथे रुळविण्याचे श्रेय बव्हंशी ह्या कैद्यांकडे जाते. त्यांच्यासाठी ना कोणी मोहीम काढली, ना अहवाल छापला. सिंकोन्याला सरकारी अधीक्षक मिळाला. बटाट्याला बेड्या घातलेले हात मिळाले.

दोन्ही वनस्पतींच्या नावांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. सिंकोना हे नाव लिनियसने चिंचोनच्या सरदारपत्नीवरून ठेवले, तेही स्पेलिंगमधील एक अक्षर गाळून. ह्या सालीने तिचा ताप उतरला ही कथा पुढील संशोधनात टिकली नाही. मार्कम मात्र जन्मभर गाळलेल्या अक्षरासाठी भांडत राहिला. मूळ अँडीजमधील ‘किना’ हा शब्द क्विनाइनमध्ये शिल्लक आहे, आणि मराठी माणसाच्या तोंडी त्याचेच ‘कोयनेल’ झाले. बटाट्याचे उलट घडले. अँडीजमधील केचुआ भाषेत त्यास ‘पापा’ म्हणतात. ‘बटाटा’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेचा, आणि तेथे त्याचा अर्थ रताळे. पोर्तुगीजांनी तो पश्चिम किनाऱ्यावर आणला. मराठीत रताळ्यास संस्कृत ‘रक्तालु’पासून आलेले नाव मिळाल्याने ‘बटाटा’ हे नाव मोकळे राहिले व ते ह्या नव्या कंदास चिकटले. हिंदीने ‘आलू’ हा जुना शब्द नव्या अर्थाने वापरला. मराठीने परका शब्द घेतला, पण तोही दुसऱ्याच कंदाचा. ग्वारांद्याच्या बाजारात शेतकरी आजही ‘पापा’ असेच म्हणतो.